पाकिटावरचे नाव

या स्मरणिकेत शाळेच्या स्थापनेविषयी, इमारतींविषयी, परीक्षांच्या निकालांविषयी आणि ज्यांनी या संस्थेसाठी आयुष्य वेचले त्यांच्याविषयी इतर मंडळी लिहितीलच. आम्ही, वसतिगृहात वेगवेगळ्या वर्षी राहून गेलेल्या काही माजी विद्यार्थ्यांनी, एका लहान गोष्टीविषयी लिहायचे ठरवले आहे. वर्षावासाच्या काळात दर रविवारी दुपारी भोजनगृहात सतरंज्या अंथरून आपण जी भेटकार्डे तयार करत आलो, ती ही गोष्ट. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की कागद गोळा होऊ लागत आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठ-दहा दिवस आधी पाकिटांचा गठ्ठा टपाल कार्यालयाकडे जाई. वैशाखातील बुद्धपौर्णिमा उन्हाळी सुटीत येते. म्हणून तिची कार्डे वार्षिक परीक्षेच्या आधीच होत आणि टपालाने न जाता आमच्या ट्रंकांतून घरी जात.

आमच्यातील थोरल्यांनी कार्डे केली तेव्हा शाळेत संगणक नव्हता. मधल्यांनी कार्यालयातील संगणकावर चित्रे निवडून ती छापून घेतली. धाकट्यांच्या काळी सरांच्या फोनमध्येच शेकडो चित्रे होती. आज तर जयंतीच्या पहाटे डोळे उघडण्यापूर्वी फोनवर पन्नास चित्रे येऊन पडलेली असतात. तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एका मित्राने विचारले ते योग्यच होते. चित्र फुकट मिळते, क्षणात पोहोचते, मग मुलांना कात्री आणि खळ देऊन महिने का घालवायचे? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा लेख आहे.

भेटकार्डाचा इतिहास पाहिला तर त्या मित्राची बाजू सुरुवातीला बळकटच दिसते. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि पत्रे फार वाढली. १८४३ च्या नाताळात लंडनच्या हेन्री कोल यांना इतक्या लोकांना स्वतः लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. बाजारात विकले गेलेले नाताळचे पहिले कार्ड ते हेच, असे मानतात. म्हणजे छापील भेटकार्ड जन्माला आले ते श्रम वाचवण्यासाठी. आज फोनवरून एकच चित्र सर्वांना ढकलणारा माणूस कोलसाहेबांचाच वारस आहे. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे दिवाळीची, संक्रांतीची, नववर्षाची छापील कार्डे दुकानांतून आली आणि फोन आल्यावर बहुतेक गेलीही. हाताने केलेल्या कार्डाचे कूळ मात्र निराळे आहे. ते कोणाला द्यायचे हे आधी ठरते आणि मग ते तयार होते.

आमच्या घरांत चित्रे येण्याचा इतिहासही थोडा निराळा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यानंतर आमच्या आजोबा-आजींच्या कुडाच्या भिंतींवर दोन चित्रे आली, एक तथागतांचे आणि एक बाबासाहेबांचे. दीक्षाभूमीवर जाऊन आलेला माणूस तिथून पुस्तक आणि तसबीर घेऊन यायचा. भिंतीवरचे आधीचे बरेच काही उतरवल्यावर त्या दोन तसबिरींना जागा मिळाली होती. त्यामुळे आमच्या वस्त्यांत चित्र ही केवळ शोभेची वस्तू कधीच नव्हती. ते कोणते लावायचे, कुठे लावायचे, त्याच्यापुढे कसे उभे राहायचे, हे सगळे विचार करून ठरलेले होते. शाळेतील कार्डांसाठी चित्र निवडतानाही हीच सवय आमच्या अंगात होती.

थोरल्यांच्या काळी चित्रे मिळत ती जुन्या दिनदर्शिकांवरून, वर्तमानपत्रांच्या विशेषांकांतून आणि टपाल तिकिटांवरून. भारत सरकारने मे १९५६ मध्ये २५०० व्या बुद्धजयंतीनिमित्त दोन तिकिटे काढली होती आणि १४ एप्रिल १९६६ रोजी बाबासाहेबांचे १५ पैशांचे तिकीट निघाले होते. शाळेच्या कार्यालयात येणाऱ्या पाकिटांवरची नवी-जुनी तिकिटे आम्ही पाण्यात भिजवून अलगद सोडवत असू आणि वर्तमानपत्राच्या घडीत वाळवत असू. बाबासाहेबांचे तिकीट हाती लागले तर ते ज्याच्या वाट्याला येई, त्याचे कार्ड त्या वर्षी सर्वांत आधी पूर्ण होई.

संगणक आल्यावर चित्रांचा तुटवडा संपला आणि निवडीची अडचण सुरू झाली. चित्रकलेच्या सरांनी आम्हाला पहिला धडा दिला तो ठिपक्यांचा. पडद्यावर सुंदर दिसणारे चित्र कागदावर तसेच उठेल असे नाही. छापील चित्र स्वच्छ दिसायचे तर एका इंचात ३०० ठिपके लागतात, म्हणजे चार इंच रुंद चित्राला रुंदीत १२०० ठिपके हवेत. फोनवरून फोनवर फिरत आलेले चित्र वाटेत दाबून लहान केलेले असते. ते मोठे करून छापले की बाबासाहेबांचा चष्मा आणि भुवई मिळून एकच काळा डाग होतो. शिवाय अशा चित्राच्या तळाशी शुभेच्छुकांचे चार-सहा फोटो असतातच! ते कापून टाकावे तर मूळ चित्राचे पाय जातात. तेव्हा चित्र मुळातून घ्यावे, स्वतः काढलेले असेल तर फारच उत्तम, असा नियम झाला.

दुसरा धडा आम्हाला शेजारच्या वस्तीतील एका वयोवृद्ध उपासिकेने दिला. पौर्णिमेच्या वंदनेला त्या विहारात येत आणि आमची कार्डे पाहत. एका वर्षी त्यांनी स्पष्टच सांगितले, “बाळांनो, कागद हाय. कोनाच्याबी पायाखाली येईन. तथागतांचं मुख त्याच्यावर कायले छापता?” आमच्यातील काहींना ते रुचले नाही. वर्गात दोन तट पडले. तेव्हा सरांनी सांचीच्या आणि भरहुतच्या शिल्पांचे फोटो संगणकावर दाखवले. त्या जुन्या शिल्पांत तथागत मनुष्यरूपात दिसतच नाहीत. जिथे ते असायला हवेत तिथे बोधिवृक्ष आहे, धम्मचक्र आहे, रिकामे आसन आहे, पदचिन्हे आहेत. त्या काळच्या कारागिरांना चेहरा कोरता येत नव्हता असे कोण म्हणेल? शेजारीच त्यांनी माणसे, हत्ती, हरणे किती जिवंत कोरली आहेत. पाहणाऱ्याला काय समजते यावर त्यांचा विश्वास होता. त्या वर्षापासून आमच्या कार्डांच्या दर्शनी बाजूला बहुधा पिंपळपान किंवा चक्र आले, आणि चित्र आतल्या पानावर, घडीच्या आसऱ्याला गेले. उपासिका आजींना ते पसंत पडले.

तिसरा धडा अजिंठ्याचा. शाळेची सहल तिथे गेली तेव्हा लेण्यांत फ्लॅश वापरायला मनाई होती. त्यामुळे सरांच्या कॅमेऱ्यातील निम्मे फोटो अंधुक आले आणि उरलेले पुढे अनेक वर्षे आम्हाला पुरले. सोळाव्या लेण्याच्या ओसरीत सरांनी आम्हाला भिंतीवरचा झिजलेला शिलालेख दाखवला. हे लेणे वराहदेवाने दान दिले आणि वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री होता. हरिषेण वाकाटकांच्या ज्या शाखेचा होता तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशिम. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा मागास म्हणूनच आम्ही ऐकत आलो होतो. पंधराशे वर्षांपूर्वी जे लेणे पाहायला आज जग येते, त्याचे दान आपल्या गावाच्या राज्यातून गेले होते, हे त्या ओसरीत उभे राहून ऐकताना आमच्यातील कोणीच बोलले नाही. परतीच्या गाडीत मात्र रिसोडचा आणि मानोऱ्याचा मुलगा वराहदेव कोणत्या तालुक्याचा यावरून भांडत होते.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांची कहाणीही तिथेच ऐकली. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून पुढे वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठमोठ्या कापडांवर नकला करत राहिले. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यातील बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांपैकी पुष्कळ १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत गेल्या. ज्या हेन्री कोल यांनी पहिले नाताळकार्ड छापले तेच या संग्रहालयाचे पहिले प्रमुख होते. ग्रिफिथ्स यांच्या नकलांवरून तयार झालेले ग्रंथ मात्र १८९० च्या दशकात छापून निघाले आणि आगीत गेलेल्या कित्येक नकलांचे रूप त्या पानांवर शिल्लक राहिले. एकाच जागी जपलेले जळाले आणि अनेकांच्या हाती गेलेले उरले, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. या दृष्टीने पाहिले तर फोनवरच्या चित्राचा आम्ही द्वेष का करावा? ज्या चित्राच्या एका नकलेसाठी माणसांनी आयुष्ये घालवली, ते आज खेड्यातील मुलाच्या तळहातावर येते. त्या मुलाने त्या चित्राचे पुढे काय करायचे, एवढेच शिकवणे आपल्या हाती आहे.

सहलीच्या फोटोंतील एक चित्र दर वर्षी सर्वाधिक मागितले जाई. सतराव्या लेण्यात तथागत भिक्षापात्र घेऊन कपिलवस्तूत स्वतःच्या दाराशी उभे आहेत आणि समोर यशोधरा लहानग्या राहुलाला पुढे करून उभी आहे. तथागतांची आकृती भव्य आहे, मायलेकरे अगदी लहान. एकदा सरांनी विचारले, “चित्रकाराने असे का केले असेल?” पुस्तकी उत्तर महापुरुषाच्या थोरवीचे होते आणि दोघा-तिघांनी ते दिले. मागे बसलेला, जेमतेम पाचवीतला एक मुलगा म्हणाला, “लय दिवसांनी आलेला बाप असाच मोठा दिसते, सर.” त्याचे वडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्यात परत येत. सरांनी त्या दिवशी पुढचा प्रश्न विचारला नाही. घरी पाठवायच्या कार्डाच्या आतल्या पानावर त्या वर्षी आमच्यातील बहुतेकांनी तेच चित्र लावले.

आता कागदाविषयी. वाशिमच्या छापखान्यांत लग्नसराईनंतर पत्रिकांच्या जाड कागदाचे कातरण उरते. ते आम्हाला मिळे. त्यावर सोनेरी वेलबुट्टी असली तर ती उलट्या बाजूला जाईल अशी घडी घालायची. रंगासाठी घोटीव कागद, क्रेप कागद आणि वह्यांची जुनी पुठ्ठेवजा वेष्टने. आमच्यातील बंजारा तांड्यांवरून आलेल्या मुली कापडावरचे लहान आरसे आणत आणि चक्राच्या मध्यभागी असा एखादा आरसा बसवत. कार्ड उघडणाऱ्याला चक्रात स्वतःचा डोळा दिसे. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नव्हती.

हातकागदाची ओळख नंतर झाली. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतके हाताने कागद होत आला आहे आणि पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, हे आम्ही आधी पुस्तकात वाचले आणि मग तो कागद हाती घेतला. हा कागद लाकडाच्या लगद्याऐवजी मुख्यतः सुती चिंध्यांपासून करतात. आपल्याकडे कापूस पिकतो, वेचणीच्या दिवसांत आमच्यातील कित्येकांच्या आयांची बोटे बोंडांच्या टोकांनी सोलून निघतात. त्या कापसाचा सदरा होतो, सदऱ्याची चिंधी होते आणि चिंधीचा कागद. एका मुलीने आईला पाठवलेल्या कार्डावर एवढेच लिहिले होते की हा कागदसुद्धा आपल्या कामातूनच झालेला आहे.

या कागदाचे गुणदोष हात लावूनच कळतात. तो शाई पितो, म्हणून शाईच्या प्रिंटरवर चित्राच्या कडा फुटतात. त्याऐवजी चित्र साध्या कागदावर लेझर प्रिंटरने छापून घ्यावे आणि मग चिकटवावे. शाईच्या प्रिंटरवरचे चित्र ओल्या खळीने ओघळते, लेझरचे ओघळत नाही. खळ मैद्याची शिजवतो. तिला कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर तीत मोरचूद घालतात, पण ते विषारी असल्याने लहानांच्या हाती देत नाहीत. आमची खळ त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवायची असे. घडी घालण्यापूर्वी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो ती त्याच्या तंतूंची दिशा. त्या दिशेने पट्टीच्या बोथट कडेने रेघ ओढून घडी घातली तर ती फुटत नाही.

दर्शनी पिंपळपानाची तयारी श्रावणातच सुरू होई. जून, निबर पाने मातीच्या कुंडीत पाण्यात बुडवून तीन-चार आठवडे ठेवायची, दर चार दिवसांनी पाणी बदलायचे. वास सहन करावा लागतो. हिरवा भाग कुजून सुटला की जुन्या दातब्रशने हळूहळू घासून काढायचा. मागे शिरांची जाळी उरते. ती वर्तमानपत्रात दाबून वाळवली की बोधिवृक्षाचे पान कार्डावर बसायला तयार. दहा पानांतील चार-पाच फाटतात. घाई करणाऱ्याची सगळीच फाटतात.

शेवटी वजन. आमच्या वेळी २० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ५ रुपयांचे तिकीट लागे, त्याहून जड झाले की जास्त. गणिताच्या बाईंनी यातूनही उदाहरण काढले. ए-फोर आकाराचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. कागद एका चौरस मीटरला २४० ग्रॅम वजनाचा असेल तर एक ए-फोर १५ ग्रॅमचा आणि त्याचे अर्धे कार्ड साडेसात ग्रॅमचे. उरलेल्या साडेबारा ग्रॅममध्ये चित्र, पान, आरसा, खळ आणि पाकीट बसवा. ज्याला दोन आरसे हवे असत त्याला पातळ कागद घ्यावा लागे.

एवढे सगळे झाल्यावर कार्ड पुरे होत नाही. त्यावर पत्ता लिहायचा असतो, आणि आमच्या शाळेत सर्वांत अवघड काम तेच होते.

आमच्यातील पुष्कळांचे आई-वडील वर्षातील काही महिने गावात नसत. ऊसतोड, वीटभट्टी, पुण्या-मुंबईकडची बांधकामे. गावाचा पत्ता पाठ होता, पण त्या पत्त्यावर कुलूप होते. एका वर्षी सातवीतल्या मुलीचे कार्ड अपुऱ्या पत्त्यामुळे कित्येक आठवड्यांनी परत आले. पाकिटावर तिने वडिलांचे नाव, ‘वीटभट्टी’ आणि तालुक्याचे नाव लिहिले होते. तिला तेवढेच ठाऊक होते. ती रडली नाही, पाकीट न उघडता तिने ते वहीत ठेवले. आम्हाला मात्र कळले की आपल्यातील निम्म्यांना आपली माणसे या क्षणी नेमकी कुठे आहेत हे सांगता येत नाही.

त्यानंतर पत्त्यांची वही सुरू झाली. रविवारी घरून फोन आला की प्रत्येकाने विचारायचे: भट्टी कोणत्या गावाच्या शिवारात, जवळचे किराणा दुकान कोणाचे, त्या दुकानाचा फोन, टपाल कोणत्या कार्यालयातून येते, पिन कोड काय. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच महाराष्ट्राचे. सहा आकड्यांतील पहिला विभागाचा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. वाशिम शहराचा ४४४५०५. हे शिकल्यावर मुलांना नकाशा निराळा दिसू लागला. भूगोलात न आलेली गावे वहीत आली. पाकिटावर ‘मार्फत’ लिहून दुकानदाराचे नाव घालायला आम्ही शिकलो.

या वहीचा उपयोग कार्डांपुरता राहिला नाही. पुढे एका हिवाळ्यात वसतिगृहातील एका मुलीचा ताप उतरेना आणि तिला रात्रीच दवाखान्यात हलवावे लागले. वडिलांचा फोन बंद होता, आईकडे फोन नव्हता. अधीक्षकांनी पत्त्यांची वही काढली. किराणा दुकानदाराला फोन लागला, त्याने भट्टीवर निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आई-वडील तिच्या खाटेपाशी होते. मुलगी बरी झाली. तिच्या पत्त्याची नोंद वहीत झाली होती ती पिंपळपानाच्या कार्डासाठी.

आणि पत्त्याच्या वरची ओळ, म्हणजे नाव. आमच्या आजोबांना गावात पूर्ण नावाने हाक मारणारे फार थोडे होते. नावाचा शेवट तोडून त्याला ‘या’ जोडायचा, हीच रीत. किसनचा किसन्या, नामदेवचा नामद्या. म्हातारपणीही तेच. शाळेचा नियम असा की पाकिटावर ‘आयुष्मान’ किंवा ‘आयुष्मती’ लिहून स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव, असे पूर्ण नाव सुवाच्य अक्षरांत यावे. त्याखाली वस्तीचे नाव. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, परंतु आमच्या पाकिटांवर ‘भीमनगर’ आणि ‘समतानगर’ त्याच्या कितीतरी आधीपासून लिहिलेले असे आणि पोस्टमनही त्यावरून बरोबर घर शोधून काढी.

आमच्यातील एकाचे आजोबा मंगरूळपीर तालुक्यातील एका खेड्यात राहत. त्यांच्या नावाने पूर्वी आलेले टपाल म्हणजे कर्जाच्या वसुलीची नोटीस. कार्ड आले तेव्हा पोस्टमनने चौकात सर्वांसमोर पाकिटावरचे नाव मोठ्याने वाचले, ‘आयुष्मान’सकट. आजोबांनी लगेच हात पुढे केला नाही. “हे माह्याच नावानं हाय काय?” असे दोनदा विचारून घेतले आणि मगच घेतले. त्यांना वाचता येत नव्हते. आतले चित्र त्यांनी ओळखले, जाळीचे पान उजेडात धरून पाहिले. पण ते गेल्यावर तसबिरीमागे जे जपून ठेवलेले सापडले ते पाकीट होते. कार्ड नातवंडांनी खेळून कधीच फाडले होते.

मेळाव्यात प्रश्न विचारणाऱ्या मित्राला आमचे उत्तर हे आहे. फोनवरचे चित्र अवश्य पाठवावे. दूरच्या आईला मुलाचा आवाज आणि चेहरा ज्या यंत्रामुळे मिळतो त्याचे उपकार मोठे आहेत, आणि आमच्या कार्डातील चित्रेही आता त्याच यंत्रातून येतात. परंतु सर्वांना पाठवलेल्या चित्रासाठी कोणाचेच पूर्ण नाव ठाऊक असावे लागत नाही. कार्डासाठी ते लागते, शिवाय तो माणूस आज कुठे आहे आणि त्याला वाचता येते की चित्र पुरे, हेही ठाऊक असावे लागते. मैत्रीभावना सर्व प्राणिमात्रांविषयी असावी हे आपण वंदनेत रोज म्हणत आलो. ती एका माणसापर्यंत नेऊन पोहोचवण्याचा सराव आम्हाला या सतरंजीवर मिळाला.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना दोन विनंत्या आहेत. घरात जुनी कार्डे किंवा पाकिटे असतील तर त्यांचे स्वच्छ फोटो काढून शाळेकडे पाठवावेत आणि मूळ कार्डे आपल्याजवळच ठेवावीत. एका जागी ठेवलेल्या वस्तूंचे काय होते हे अजिंठ्याच्या नकलांनी दाखवलेच आहे. दुसरी विनंती अधिक महत्त्वाची आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास वसतिगृहात उत्तरादाखल पाकिटे येतात, ती नावे घेऊन वाटली जातात. दर वर्षी काही मुलांचे नाव त्या वाटपात येतच नाही, कारण त्यांना लिहिणारे कोणी नाही किंवा लिहिता येणारे नाही. अधीक्षकांकडे विचारणा केल्यास ते अशा एका मुलाचे किंवा मुलीचे पूर्ण नाव कळवतील. कार्ड हातानेच करावे, चित्र कुठलेही असो. पाकीट आश्विनाच्या आरंभी टपालात पडले तर वेळेवर पोहोचते.